आमचा रविवार परत द्या!

सोमवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी आमच्या खिडकीशी आलेल्या पहिल्या ग्राहकाने पासबुक आत सरकवले आणि म्हटले, "मजा आहे बुवा तुमची! शनिवार बंद, रविवार बंद. दोन दिवस नुसते लोळून काढले असतील!"

मी त्यांच्याकडे पाहिले. पाहिले म्हणजे मान न वळवता फक्त डोळे वळवून पाहिले. कारण मान वळत नव्हती. मी उभा होतो. बसायला खुर्ची होती, तिच्यावर गादी होती, गादीवर घरून आणलेली उशीही होती. पण ज्या अवयवावर माणूस बसतो, तो माझा अवयव शनिवारी पहाटे गोरेवाड्याच्या बाजूच्या एका खडकाळ पायवाटेवर कामी आला होता. दोन्ही तळहातांना फोड होते. घसा बसला होता. थोडक्यात, सुटी उपभोगल्याची सर्व लक्षणे माझ्या ठिकाणी एकवटली होती.

"काका," मी त्या बसलेल्या घशातून म्हटले, "लोळायला मिळालं असतं तर आज तुमचं पासबुक पहिल्या झटक्यात छापून दिलं असतं."

वाचकहो, प्रस्तुत लेख ही त्या दोन दिवसांबद्दलची जाहीर तक्रार आहे. ती सायकलीविरुद्ध नाही, मोटारीविरुद्ध नाही आणि नातेवाइकांविरुद्ध तर मुळीच नाही. मला याच शहरात राहायचे आहे. तक्रार आहे ती आमचा रविवार चोरीला गेल्याची. तोही भरदिवसा, घरच्या मंडळींच्या देखत आणि, हे सांगताना मान खाली घालावीशी वाटते (पण ती खालीही जात नाही), माझ्याच मदतीने.

आता आम्हा बँकवाल्यांच्या शनिवारचे असे आहे की, लोकांना तो फुकटात मिळाल्यासारखा वाटतो. पूर्वी प्रत्येक शनिवारी अर्धा दिवस काम असे. 1 सप्टेंबर 2015 पासून दुसरा आणि चौथा शनिवार पूर्ण सुटीचा झाला आणि त्या बदल्यात बाकीचे शनिवार पूर्ण कामाचे झाले. मी कॉमर्सचा पदवीधर आहे. चार अर्धे म्हणजे दोन पूर्ण. म्हणजे कुणी कुणाला काही दिले नाही. उलट ज्या महिन्यात पाचवा शनिवार येतो, त्या महिन्यात अर्धा दिवस आमच्याच नावे पडतो! पुढे मार्च 2024 मध्ये सगळेच शनिवार सुटीचे असावेत यावर बँका आणि संघटना यांचे एकमत झाले, तेव्हा आमच्या शाखेत पेढे वाटले गेले. मी एक पेढा खाल्लाही. आज वाटते, घाई केली. कारण शनिवारी बँकेत असलो की निदान बसायला तरी मिळते.

तर डिसेंबरमधला दुसरा शनिवार. नागपुरात डिसेंबर म्हणजे थंडी, संत्री आणि विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन. सरकार वर्षातून एकदा मुंबईहून इकडे येते, चार दिवसांत चाळीस विषय उरकते आणि परत जाते. तोच आदर्श डोळ्यांपुढे ठेवून आमच्या कुटुंबाच्या मोबाइल-ग्रुपवर गुरुवारी रात्री कार्यक्रमपत्रिका प्रसिद्ध झाली. शनिवारी पहाटे पाच : माउंटन बायकिंग. साडेनऊ : तर्री-पोहे. दुपारी चार : सौ.च्या मामेबहिणीच्या मुलीचे साक्षगंध. रविवारी सकाळी दहा : मेहुण्याच्या मुलाच्या वाढदिवसानिमित्त गो-कार्टिंग. संध्याकाळी साडेसहा : बाबांचा पंचाहत्तरावा वाढदिवस, हॉल ठरलेला, दीडशे माणसे. खाली मेहुण्याने लिहिले होते, 'सगळे मोकळे आहात ना?'

मी एका शब्दात उत्तर दिले. 'डन.'

त्या एका शब्दात सगळे गेले.

माउंटन बायकिंग या खेळाला माउंटन लागतो, ही पहिली अडचण. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरहून थोडे अधिक उंच आहे हे खरे. पण ही उंची सगळ्या नागरिकांना सारखीच वाटून दिली आहे. एकट्याने वर जावे अशी जागा फार नाही. सीताबर्डीचा किल्ला आहे, पण तो लष्कराच्या ताब्यात. उरल्या सेमिनरी हिल्स. कॉलेजात असताना आम्ही तिथे पायी जात असू, आणि तेही व्यायामासाठी नव्हे. तिथून पुढे गोरेवाड्याच्या दिशेने डांबर संपते आणि दगड सुरू होतात. तो आमचा माउंटन.

मेहुण्याने माझ्यासाठी भाड्याची सायकल आणून ठेवली होती. सायकल म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे अशी माझी समजूत होती. लहानपणी आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानातून तासाच्या भाड्याने सायकल घ्यायचो आणि पाय पुरत नाहीत म्हणून दांड्याखालून पाय घालून कैची चालवायचो. त्या सायकलीला ब्रेक असलाच तर तो मालकाच्या समाधानापुरता. या नव्या सायकलीला एकवीस गिअर होते. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, चढावर हलका गिअर टाका, उतारावर जड." मी आयुष्यभर उलटेच करत आलेला माणूस. चढावर जड गिअर टाकला, सायकल थांबली. उतारावर हलका टाकला, सायकल थांबेना. पुढे एक बाभूळ होती, तिने थांबवले.

सोबतच्या मंडळींचा उत्साह मात्र दांडगा होता. प्रत्येकाच्या मनगटावर एक घड्याळ होते आणि ते वेळ सोडून सगळे सांगत होते. किती किलोमीटर, किती चढ, हृदयाचे ठोके किती. दर दहा मिनिटांनी सगळे थांबून एकमेकांचे आकडे बघत. वर पोहोचलो तेव्हा पूर्वेला लाली फुटली होती, तलावावर धुके होते, कुठल्यातरी पक्ष्याने नुकती शीळ घातली होती. "वा!" असे मी म्हणतो न म्हणतो तोच मागून आवाज आला, "भाऊजी, चला! पावणेसातपर्यंत खाली पोहोचलो नाही तर सरासरी बिघडेल."

सरासरी! बँकेत दिवसभर तिमाही सरासरी शिल्लक सांभाळणारा मी. सुटीच्या दिवशी पहाटे तीच बया सायकलवर बसून डोंगरावर आली होती.

गैरसमज नको. सायकल चालवणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. आमच्याच नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी 2017 साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची, सुमारे 4,800 किलोमीटरची शर्यत एकट्याने बारा दिवसांच्या आत पूर्ण केली आणि 2018 साली रशियात मॉस्कोपासून व्लादिवोस्तोकपर्यंत 9,000 किलोमीटरहून अधिक सायकल मारली. हा माणूस आमच्या गावचा आहे, हे मी गावाबाहेर गेलो की सांगत असतो. पण त्यांनी ते अंगातल्या ध्यासापायी केले. आम्ही केले ते ग्रुपवर फोटो टाकायला. ध्यासाने पायात गोळे आले तर त्याची कहाणी होते. फोटोसाठी आले तर नुसते तेल चोळावे लागते.

साडेनऊचे तर्री-पोहे मात्र उत्तम होते. सबंध दोन दिवसांतली तेवढीच गोष्ट कुणी घड्याळ लावून केली नाही.

दुपारचे साक्षगंध हे खरे तर आनंदाचे कार्य. मुलगी गोड, मुलगा शिकलेला, जेवणात सांबारवडी. एवढ्यावर कुणीही सुखी व्हावे. पण हल्ली साक्षगंधात मुलगा-मुलगी एकमेकांना अंगठी घालतात ती छायाचित्रकारासाठी. पहिल्यांदा घातली तेव्हा त्याचा कोन चुकला. मग काढली, पुन्हा घातली. तिसऱ्यांदा घालताना मुलाच्या चेहऱ्यावर जो भाव होता, तो मी कर्जाच्या अर्जाला तिसऱ्यांदा झेरॉक्स जोडणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर रोज बघतो. नाचासाठी मोठ्याने गाणी लावली होती, त्यामुळे शेजारच्या मामेसासऱ्यांना "तब्येत कशी आहे?" हे मी चार वेळा ओरडून विचारले. चौथ्यांदा त्यांना ऐकू आले. त्यांनी दिलेले उत्तर मला ऐकू आले नाही. माझा घसा गेला तो असा. मामेसासऱ्यांची तब्येत कशी आहे, ते मला अजून ठाऊक नाही.

रविवारी गो-कार्टिंग. शहराबाहेर एका ठिकाणी टायर रचून वळणावळणांचा रस्ता केलेला. आधी एक छापील फॉर्म दिला. आमच्या गटात तो फॉर्म वाचणारा मी एकटाच. धंद्याची खोड, दुसरे काय! त्यात लिहिले होते की मला जे काही होईल त्याला मीच जबाबदार आहे. आयुष्याबद्दल इतके स्पष्ट विधान मी इतरत्र कुठे वाचलेले नाही. सही केली.

मग पाऊण तास रांग. सात मुले, नऊ मोठे. मुले काय करत होती? मोबाइल बघत होती. मोठे काय करत होते? मुलांना "मोबाइल ठेवा" असे म्हणत मोबाइल बघत होते. शेवटी नंबर लागला. ती गाडी म्हणजे चार चाकांवर ठेवलेला पाट. जमिनीपासून चार बोटे उंच, त्यात पाय पसरून बसायचे, पाठीमागे इंजिन फटफटत असते आणि समोर भाचा 'हॅपी बर्थडे'ची टोपी घालून आपल्याला धडक द्यायला टपलेला असतो. पाच मिनिटे. तीन वेळा मागून धडक बसली, एकदा मी टायरमध्ये घुसलो. मान गेली ती तिसऱ्या धडकेत. बाहेर आलो तर चिरंजीव म्हणाले, "बाबा, तुमचा टाइम सगळ्यात स्लो आला." मी म्हटले, "अरे, पैसे पाच मिनिटांचे दिले होते. घाई कशाला करू?" माझा हा आर्थिक विचार त्याला पटला नाही.

मान शेकत असताना मला ज्या दोन गोष्टी आठवल्या, त्या मुद्दाम सांगतो, कारण सगळी गंमत त्यातच आहे.

पहिली माउंटन बाइकची. हा खेळ जन्मला 1970 च्या दशकात, कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या माउंट तमालपायस या डोंगरावर. तिथल्या काही रिकामटेकड्या तरुणांनी तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या, जाड टायरच्या जुनाट सायकली भंगारातून उचलल्या आणि धुळीच्या रस्त्याने डोंगरावरून खाली सोडल्या. पायाने उलट पेडल मारून लावायचा ब्रेक इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे आणि खाली आल्यावर ते पुन्हा भरावे लागे. म्हणून 1976 साली सुरू झालेल्या त्यांच्या शर्यतीचे नावच पडले 'रीपॅक', म्हणजे पुन्हा भरा. त्या उद्योगातून पुढे कारखाने निघाले आणि 1996 साली अटलांटाच्या ऑलिम्पिकमध्ये हा खेळ जाऊन बसला.

दुसरी गो-कार्टची. 1956 साली त्याच कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स नावाच्या माणसाने गवत कापायच्या यंत्राचे इंजिन घेतले, लोखंडी नळ्यांच्या सांगाड्यावर ठेवले आणि वर बसून ते पार्किंगच्या मोकळ्या जागेत फिरवले. हा शर्यतीच्या मोटारी बांधणारा कारागीर; दिवसभर मोठ्या मोटारी बांधायच्या आणि उरलेल्या वेळात ही खेळणी. पुढे सेना, शूमाकर यांच्यासारखे मोटारवीर लहानपणी याच पाटावर बसून शिकले.

आता मुद्दा बघा. हे दोन्ही खेळ कुणी काढले? ज्यांच्याजवळ थोडे भंगार आणि भरपूर मोकळा वेळ होता त्यांनी. त्यांच्या हातात कार्यक्रमपत्रिका नव्हती. 'शनिवारी पहाटे पाच : माउंटन बायकिंगचा शोध लावणे' असे कुणी ग्रुपवर टाकले नव्हते. आम्हीसुद्धा लहानपणी फळीला बेअरिंगची चाके ठोकून गाडी करायचो आणि गल्लीच्या उतारावर गुडघे फोडून घ्यायचो. इंगल्ससाहेबांचे नाव आम्ही ऐकलेले नव्हते. उन्हाळ्याच्या दुपारी करायला दुसरे काही नव्हते, एवढीच आमची प्रयोगशाळा. आज आम्ही त्या मोकळ्या वेळातून निघालेला खेळ तिकीट काढून विकत घेतो आणि किंमत म्हणून मोकळा वेळच देऊन येतो. मोराचे पीस घेण्यासाठी मोर विकल्यासारखे झाले!

आणि हा वेळ वडिलार्जित आहे हो! आपण कमावलेलाच नाही तो. रविवारची सुटी आकाशातून पडली असे आमच्या पिढीला वाटते. ती मिळवली नारायण मेघाजी लोखंडे या माणसाने. महात्मा फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधू'चे संपादक. त्या काळी मुंबईचा गिरणी कामगार उजाडल्यापासून मावळेपर्यंत राबत असे आणि त्याच्या आठवड्याला सातवा दिवसच नसे. 1884 साली लोखंड्यांनी कामगारांना गोळा केले आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. त्यातली एक मोठी मागणी होती रविवारच्या सुटीची. साहेबाला रविवारी चर्च होते. आमच्या माणसाचा रविवार हा खंडोबाचा वार आहे, असे त्यांनी बजावले. मालक बधले नाहीत. 1890 च्या एप्रिलमध्ये मुंबईत दहा हजार कामगारांची सभा भरली. तीत दोन कामगार स्त्रियाही उभे राहून बोलल्या. शेवटी 10 जून 1890 रोजी रविवारची सुटी मिळाली.

सहा वर्षे! त्यांनी सहा वर्षे लढून मिळवलेला दिवस मी ग्रुपवर सहा सेकंदांत 'डन' म्हणून देऊन टाकला. आणि दिला तो कुणाला? मालकाला दिला असता तर निदान ओव्हरटाइम मागता आला असता.

आता या लेखावर आक्षेप येतील. ते आमच्या घरात आलेच आहेत, त्यामुळे उत्तरे तयार आहेत.

पहिला आक्षेप, मुलांना अनुभव द्यायला हवेत. मान्य. पण अनुभव ही आधी आरक्षण करून, रांग लावून, पाच मिनिटांच्या हप्त्याने घ्यायची वस्तू आहे का? आमच्या चिरंजीवांना आजवर इतके अनुभव दिले आहेत की त्यांना त्यातला एकही आठवत नाही. परवा विचारले, "गेल्या महिन्यात आपण कुठे गेलो होतो रे?" तो म्हणाला, "थांबा, फोटो बघून सांगतो."

दुसरा आक्षेप, नाहीतर घरी बसून मोबाइलच बघतात. गो-कार्टच्या रांगेत काय बघत होतो, ते वर आलेच आहे. मोबाइल बघायचाच असेल तर घरची गादी काय वाईट? तिथे निदान हेल्मेट घालावे लागत नाही.

तिसरा आक्षेप सौ.चा, म्हणून जरा जपून. "अशा कार्यक्रमांमुळेच तर नाती टिकतात. नाहीतर कोण कुणाला भेटतो हो आजकाल?" या आक्षेपाने मला काही काळ निरुत्तर केले होते. मग रविवारची संध्याकाळ आठवली.

बाबांचा पंचाहत्तरावा वाढदिवस. हॉल मी ठरवला, जेवण मी ठरवले, दीडशे लोकांची यादी मी केली. तेव्हा यात दुसऱ्या कुणाला दोष देण्याची सोय नाही. बाबांना फेटा बांधून खुर्चीत बसवले. पंचाहत्तर दिव्यांनी औक्षण झाले. केक कापला. त्यांच्या जीवनावर चिरंजीवांनी तयार केलेली चित्रफीत दाखवली, तीत एक फोटो चुकून शेजारच्या काकांचा होता. सगळे फार हृद्य झाले, असे सगळे म्हणाले. घरी येताना मी मनातल्या मनात दिवसाचा हिशेब मांडला. सवयीच आमच्या तशा. साडेसहापासून दहापर्यंत, साडेतीन तासांत मी बाबांशी एकूण चार वाक्ये बोललो होतो. "बाबा, इकडे बघा." "बाबा, हसा." "बाबा, उभे राहा." "बाबा, आता बसा."

ज्यांचा वाढदिवस, त्यांच्याशी चार वाक्ये. आणि चारही आज्ञार्थी!

एक गोष्ट मी आतापर्यंत सांगितली नाही. गेला महिनाभर बाबा मला एकच प्रश्न विचारत होते. "तू रिकामा केव्हा आहे रे? ती माळ्यावरची ट्रंक एकदा उघडून बसायचं होतं तुझ्यासोबत." मी दर वेळी म्हणायचो, "या रविवारी नक्की, बाबा." मग तो रविवार ग्रुपवर जायचा. त्या रात्री अकरा वाजता मी हॉलचे भाडे चुकते करून घरी आलो, तर बाबांनी कुणाकडून तरी ट्रंक खाली काढवून घेतली होती. फेटा तसाच डोक्यावर. ट्रंकेशेजारी खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, "आता झालं ना सगळं? बसतो का दोन मिनिटं?"

मी म्हटले, "बाबा, उद्या." आणि झोपलो.

उद्या सोमवार होता.

जमाखर्चाची वही मी खोटी लिहीत नाही. त्या दोन दिवसांची जमा बाजू बघितली : फोटो चारशे बारा. नावे बाजूला : एक मान, एक घसा, एक बैठक, मामेसासऱ्यांची तब्येत आणि बाबांची दोन मिनिटे. पहिल्या तीन रकमा तेल लावून वसूल होतील. शेवटची बुडीत खात्यात जाऊ शकते, हे कॉमर्स शिकलेल्या माणसाला तरी वेगळे सांगायला नको. पंचाहत्तरीच्या खात्याची मुदत कुणी लिहून देत नाही.

म्हणून माझी जाहीर मागणी आहे, महिन्यातून एक रविवार निव्वळ रिकामा सोडा. त्या दिवशी साखरपुडा नको, साक्षगंध नको, वाढदिवस आलाच तर घरी शिरा करा. डोंगरावर जायचे असेल त्याने जरूर जावे; फक्त घड्याळ घरी ठेवावे आणि वर पोहोचल्यावर खाली यायची घाई करू नये. आमच्या नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते आणि तिच्यासोबत बडगे काढतात. वर्षभरात ज्याने लोकांना छळले, त्याचा पुतळा करून गावभर मिरवायचा आणि इडापिडा टळो म्हणून जाळायचा. महागाईचा बडग्या निघतो, भ्रष्टाचाराचा निघतो. येत्या पोळ्याला मी स्वखर्चाने एक बडग्या काढणार आहे : डोक्यावर हेल्मेट, एका हातात केक, दुसऱ्या हातात मोबाइल आणि छातीवर पाटी, 'सगळे मोकळे आहात ना?' ज्यांना वर्गणी द्यायची असेल त्यांनी खिडकी क्रमांक तीनवर भेटावे. सोमवार सोडून.

तर पुढच्या रविवारी मी ग्रुपवर काहीही लिहिले नाही. ट्रंक उघडली. मला वाटले होते घराची कागदपत्रे असतील, वारसाची नावे घालायची असतील. बाबांनी तळातून एक पितळी बिल्ला काढला. आजोबांचा, एम्प्रेस मिलचा. जमशेटजी टाटांनी 1877 साली सुरू केलेली ही मिल. आमचे आजोबा तिथे साच्यावर होते. मिल 2002 साली बंद झाली आणि तिच्या जागेवर पुढे मॉल उभा राहिला. जिथे आजोबांना भोंगा सहा दिवस बोलवायचा, तिथे नातवंडे सातव्या दिवशी आपण होऊन जाऊ लागली.

बाबा म्हणाले, "चाल, तलावावर जाऊन येऊ." शुक्रवारी तलाव, कागदोपत्री गांधीसागर. आम्ही काठावर जाऊन बसलो. बाबा म्हणाले, "रविवारी तुझे आजोबा मला इथं घेऊन यायचे. मी असेन सहा-सात वर्षांचा. इथं बसायचे आणि काहीच करायचे नाहीत. मी एकदा विचारलं, बाबा, आपण इथं काय करून राहिलो? तर म्हणाले, आज भोंगा ऐकू येऊन राहिला का? मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, तेच ऐकून राहिलो."

मग बराच वेळ आम्हीही तेच ऐकत बसलो. फुटाणे घेतले. दहा रुपयांचे.

तेवढ्यात खिशात फोन वाजला. मेहुणा. "भाऊजी, कुठे आहात? काय करून राहिले?"

"काही नाही."

"मग या ना इकडे! आम्ही सगळे—"

"अरे, तसं नाही," मी म्हटले, "काही नाही, हेच करून राहिलो. संध्याकाळपर्यंत चालेल."

बाबांनी फुटाण्याचा पुडा माझ्यापुढे धरला. मी मान वळवली. वळली.